पंधरा तास चाळीस मिनिटे

इंटरनेटवर एक पान आहे. दोन चौकटींत दोन विमानतळांची नावे भरली की ते त्यांच्यामधले हवाई अंतर सांगते आणि त्याखाली, जरा ठळक अक्षरांत, उड्डाणाला लागणारा वेळ. एका चौकटीत मिनिटबाईंचे शहर आणि दुसरीत त्यांच्या धाकट्या बहिणीचे शहर भरले तर उत्तर येते : तेरा हजार एकशे किलोमीटर, पंधरा तास चाळीस मिनिटे. हे उत्तर मी निरनिराळ्या दिवशी काढून पाहिले. ते बदलत नाही. बदलण्याचे कारणही नाही, कारण ते कोणत्याही विमानावर अवलंबूनच नाही. पृथ्वीच्या गोलाईवरून जाणारी सर्वांत जवळची रेघ घ्यायची, तिला विमानाच्या सरासरी वेगाने भागायचे आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास वर टाकायचा, एवढाच हिशेब. त्या रेघेवरून प्रवासी घेऊन जाणारे एकही विमान नाही. पानाच्या तळाशी, फिकट करड्या अक्षरांत, तसे लिहिलेलेही आहे. मात्र ते वाचायला पान बरेच खाली सरकवावे लागते.

मिनिटबाई हे अर्थातच त्यांचे खरे नाव नव्हे. शहराच्या बससेवेची वेळापत्रके त्या आखतात, आणि कोणी "पाचेक मिनिटं" म्हणाला की "पाच की सहा?" असे विचारतात, म्हणून चालकांनी बहाल केलेले हे बिरुद. त्यांना ते ठाऊक आहे, आवडत नाही, पण हाकेला ओ मात्र देतात. नियंत्रण कक्षामागच्या लांबट खोलीत त्यांचे टेबल आहे. खिडकीबाहेर गाड्या धुतल्या जातात, त्यामुळे काचेवर कायम पाण्याचे शिंतोडे. संगणक आला, तरी भिंतीवरचा कागदी तक्ता त्यांनी उतरवू दिलेला नाही. तक्त्यावर आडवे तास, उभे थांबे, आणि प्रत्येक गाडीची एक तिरपी रेघ. दोन रेघा जिथे छेदतात तिथे प्रवाशाला गाडी बदलता येते.

"सरळ रेघ कुणालाही ओढता येते," त्या म्हणाल्या. "तिच्यावर माणसं बसवली, की ती वाकडी होते."

या वाकडेपणासाठी त्यांच्या धंद्यात एक शब्द आहे : ढील. प्रत्येक फेरीला खरा लागणारा वेळ आणि कागदावर छापलेला वेळ यांत चार-दोन मिनिटांची फट मुद्दाम ठेवायची. रस्ता खोदलेला असेल, एखाद्या आजोबांना चढायला वेळ लागेल, सुट्ट्या पैशांवरून वाद होईल. ती सगळी भरपाई या फटीतून होते. चालकांना ढील म्हणजे चहा वाटतो. नियंत्रक त्यांना एकदा म्हणाले, "बाई, तुमच्या ढिलीत माझी माणसं संसार थाटतात."

"थाटू देत. सुटतात ना वेळेवर?"

आणि दुसरा शब्द : गाडी धरणे. लांबच्या वस्तीतून येणारी गाडी उशिरा असेल, तर तिच्या प्रवाशांना पुढे नेणारी शेवटची गाडी सोडायची नाही, धरून ठेवायची. हा नियम छापील पुस्तिकेत आज आहे तो मिनिटबाईंनी घातलेला. पण त्यांच्या वडिलांच्या काळी तो नुसत्या तोंडी चाले. वडील याच सेवेत कंडक्टर होते.

वडिलांचा आणखी एक नियम घरात होता, आणि पुढच्या सगळ्याचे मूळ त्यात असल्यामुळे तो इथेच सांगायला हवा. दोघी बहिणी लहान असताना एकदा मुख्य स्थानकाच्या गर्दीत एकमेकींना चुकल्या. थोरली धाकटीला शोधायला निघाली, धाकटी थोरलीला. एक या फलाटावर जाई तेव्हा दुसरी त्या; अख्खी दुपार दोघी एकमेकींच्या पाठीमागून फिरत राहिल्या. शेवटी वडिलांनी दोघींना दोन टोकांवरून गोळा केले. रागावले नाहीत, एका बाकावर बसवून म्हणाले, "दोघी फिरायला लागलात की सापडणं बंद. चुकामूक झाली, की जिथं आहात तिथंच थांबायचं. हलायचं नाही. शोधायचं काम माझं." त्यानंतर जत्रा म्हणू नका, इस्पितळ म्हणू नका, बाजार म्हणू नका, दोघी जेव्हा जेव्हा चुकल्या तेव्हा तेव्हा खांबासारख्या उभ्या राहिल्या आणि दरवेळी सापडल्या. नियमाचा पडताळा इतक्या वेळा आला, की तो तपासायचा असतो हे दोघी विसरल्या.

सात वर्षांपूर्वी वडील वारले. धाकटी तेव्हा त्या दूरच्या शहरात स्थिरावली होती. वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या एका संस्थेत नोकरी, छोटेसे घर, तिथलाच नवरा. बातमी कळताच तिचा फोन आला. हे संभाषण दोघींनी मला वेगवेगळे सांगितले आणि ते जवळपास शब्दशः जुळते.

"ताई, मी निघतेय. पंधरा तास चाळीस मिनिटं दाखवतंय. उद्या संध्याकाळी मी दारात."

"मध्ये विमान बदलायचंय का कुठे?"

"ताई, आत्ता हिशेब नको गं विचारूस."

मिनिटबाईंनी विचारला नाही. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत कोणी सांगितलेला प्रवासाचा वेळ त्यांनी न तपासता मान्य केल्याचे हे एकमेव उदाहरण, असे त्या म्हणतात. उद्या संध्याकाळ धरली, तीवर सवयीने थोडी ढील टाकली आणि नातेवाइकांना सांगितले, की उद्या दिवेलागणीपर्यंत थांबायचे.

थांबले. उन्हाळ्याचे दिवस होते. बर्फाच्या लाद्या दोनदा बदलल्या गेल्या. काका दर थोड्या वेळाने दारात येऊन घड्याळाकडे आणि मग पुतणीकडे बघत. धाकटीचा फोन लागत नव्हता. ढील संपली, त्यावर आणखी दिली, तीही संपली. काका म्हणाले, "पोरी, त्याला तरी किती ताटकळत ठेवायचं? आयुष्यभर गाड्यांमागे उभाच होता की तो." मिनिटबाई म्हणाल्या, "न्या." हे किती वाजता घडले यावर दोघींचे एकमत नाही. थोरली म्हणते, पूर्ण अंधार पडला होता. धाकटीने शेजाऱ्यांकडून ऐकले, की उजेड होता. दोन्ही इथे नोंदवून ठेवते, कारण निवाडा करायला माझ्याकडे काही साधन नाही.

धाकटी पोचली दुसऱ्या दिवशी दुपारी. एकूण प्रवास झाला एकतीस तासांचा. घर आवरून झाले होते, खुर्च्या परत गेल्या होत्या. ती बॅग हातातच घेऊन उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "अख्ख्या गावासाठी गाडी धरतेस, ताई. माझ्यासाठी नाही धरलीस."

त्यानंतर सात वर्षे दोघी फोनवर बोलत. कसे, तर असे :

"हवा काय म्हणते?"

"बरी आहे. तुमच्याकडे?"

"बरी."

गुडघे, औषधे, भाच्याचे शिक्षण, एवढ्यावर संभाषण संपे. या बहिणींमध्ये भांडण नव्हते. भांडायला निदान समोरासमोर यावे लागते. मिनिटबाईंनी बहिणीच्या देशाचा व्हिसा दोनदा मागितला. दोन्ही वेळा एकच छापील उत्तर आले, की अर्जदार परत जाईल याची खात्री पटत नाही. "खात्री पटत नाही म्हणे!" त्या अजूनही उसळून सांगतात. "ज्या खुर्चीत मी सत्तावीस वर्षं बसलेय, त्या खुर्चीला विचारा ना!" धाकटीला रजा मिळे ती इतकी तुटपुंजी, की जाण्या-येण्यातच संपली असती. ते पान मात्र आपले पंधरा तास चाळीस मिनिटेच दाखवत राहिले. मिनिटबाई ते अधूनमधून उघडून बघत. का बघता, असे विचारल्यावर म्हणाल्या, "दुखऱ्या दातावर जीभ जाते ना, तसं."

मग या वर्षी संधी आली. धाकटीच्या संस्थेतल्या एका वृद्ध बाईंना त्यांच्या मुलीकडे परदेशी पोचवायचे होते. धाकटीने सोबत जायचे आणि एकटीने परतायचे. परतीचे विमान एका मोठ्या विमानतळावर बदलायचे होते. इकडे मिनिटबाईंच्या मुलाला तिसऱ्याच देशात नोकरी लागली होती आणि "आई, एकदा ये ना" हे त्याचे टुमणे त्या बरेच दिवस टाळत होत्या. त्याच्याकडे जायची वाटही त्याच विमानतळावरून. तिथे विमान बदलणाऱ्याला व्हिसा लागत नाही, कारण तो त्या देशात शिरतच नाही. आतल्या आत येतो आणि आतल्या आत जातो.

मिनिटबाईंनी मुलाला कळवले, येते. मग आलेखाचा कागद घेतला आणि दोन तिरप्या रेघा काढल्या, एक आपली, एक धाकटीची. अनेक दिवस वेगवेगळी विमाने लावून पाहिली. अखेर दोन अशी सापडली, की दोघी त्या विमानतळावर एकाच सकाळी तीन तास एकत्र असतील. तो कागद त्यांनी भिंतीवरच्या तक्त्याशेजारी टाचला. नियंत्रकांच्या नजरेतून तो कसा सुटणार?

"ही कुठली नवी गाडी म्हणायची, बाई?"

"खासगी आहे."

"ढील किती?"

"तीन तास."

"तीन तास! अहो, त्यात भांडणसुद्धा बसेल."

"त्याच्यासाठीच ठेवलीय," मिनिटबाई म्हणाल्या. नियंत्रकांना ती थट्टा वाटली. ती नव्हती. फोनवर सांगता न येणारे एक वाक्य त्यांना धाकटीला समोर बसवून सांगायचे होते : पंधरा चाळीस हा आकडा खोटा आहे हे मला कळायला हवं होतं, हे माझं कामच होतं, आणि मी विचारलं नाही. सात वर्षे हे वाक्य त्या मनात घडवत होत्या. ढील सगळी ते ऐकल्यावर पुढे काय होईल त्यासाठी होती.

भेटायची जागा फोनवर ठरली. विमानतळाच्या संकेतस्थळावर छायाचित्र होते : उंच छताचे दालन आणि मधोमध खांबावर चार तोंडांचे भलेमोठे घड्याळ. "घड्याळाखाली," थोरली म्हणाली. "घड्याळाखाली," धाकटी म्हणाली.

दोन्ही विमाने वेळेवर पोचली. या कथेत विमानांचा काही दोष नाही, हे मिनिटबाई आवर्जून सांगतात. त्यांच्या मते दोष द्यायला एखादे विमान असते तर बरे झाले असते.

त्या दालनात शिरल्या आणि घड्याळ समोरच होते. त्याखाली खुर्च्यांच्या रांगा, बूट काढून झोपलेले प्रवासी, अत्तराच्या दुकानातून सुटलेला गोड, डोके दुखवणारा वास. मिनिटबाईंनी दोन खुर्च्या धरल्या. एकीवर त्या, दुसरीवर त्यांची पिशवी. मुलाला कळवावे म्हणून फोन काढला. त्यांचे सिमकार्ड त्या देशात चालत नव्हते. विमानतळाचे मोफत इंटरनेट होते. ते सुरू करायला त्याने फोन नंबर मागितला. त्यांनी दिला. मग पडद्यावर आले, की आपल्या फोनवर पाठवलेला सहा आकडी संकेतांक भरा. फोन बंद असलेल्या माणसाच्या फोनवर पाठवलेला संकेतांक! त्यांनी तो पडदा चारदा नव्याने उघडला. चारही वेळा त्याने तितक्याच अदबीने तेच सांगितले.

एक गृहस्थ येऊन पिशवीच्या खुर्चीकडे बोट दाखवून गेले. "कोणी आहे," मिनिटबाई म्हणाल्या. थोड्या वेळाने ते पुन्हा आले. "आहे, येतेय." तिसऱ्या वेळी त्यांनी नुसती भुवई उंचावली.

धाकटीचे विमान उतरून बराच वेळ झाला, तेव्हा मिनिटबाई चौकशीच्या खिडकीपाशी गेल्या; तेही दोन्ही खुर्च्यांवर डोळा ठेवून, कारण खिडकी दहा पावलांवर होती. खिडकीतली मुलगी हसतमुख होती.

"माझ्या बहिणीच्या नावाचा पुकारा करता येईल का?"

"माफ करा, इथे पुकारा होत नाही. हा शांत विमानतळ आहे."

"मग चुकलेल्या माणसांनी करायचं काय?"

"पडदे आहेत ना."

"पडद्यावर माणसं दिसतात का?"

"विमानं दिसतात."

"बरं, मोठं घड्याळ म्हणतात ते हेच ना?"

"हो, हेच."

मुलीने खोटे काही सांगितले नाही. मिनिटबाई परत जागेवर येऊन बसल्या आणि शेवटपर्यंत हलल्या नाहीत. मी हे त्यांना पुन्हा पुन्हा विचारले : पाय मोकळे करायला? पाणी आणायला? दालनाच्या दुसऱ्या टोकापर्यंत? नाही. चुकामूक झाली की जिथे आहात तिथेच थांबायचे. ढील आटत गेली. पडद्यावर त्यांच्या विमानापुढचे अक्षर हिरव्याचे लाल झाले, तेव्हा त्यांनी पिशवी उचलली. वळून पाहिले तर ते गृहस्थ खुर्चीत टेकलेही होते.

मुलाच्या घरी पोचल्यावर, चहाचा कप हातात यायच्या आत त्यांनी फोन लावला. धाकटीही नुकतीच घरात शिरली होती.

"कुठे होतीस तू?"

"मी कुठे होते? तू कुठे होतीस, ताई?"

"घड्याळाखाली!"

"मीपण घड्याळाखालीच! बसून बसून कंबर मोडली माझी. दोन कॉफ्या घेतल्या, तुझी पार गार झाली."

"कोणत्या घड्याळाखाली?"

"मोठ्या. खांबावरच्या. मी विचारलंसुद्धा तिथल्या माणसाला. हेच म्हणाला."

विमानतळाला दोन इमारती आहेत. दुसरी नंतर बांधली, आणि प्रवाशांना ओळखीचे वाटावे म्हणून तिथेही तसेच दालन केले व तसेच घड्याळ उभारले. थोरलीचे विमान एका इमारतीला लागते, धाकटीचे दुसरीला. हे संकेतस्थळाच्या नकाशात आहे. दोघींनी छायाचित्र पाहिले होते, नकाशा नाही.

"अगं, मग जरा उठून शोधायचं नाही का?" मिनिटबाई ओरडल्या.

"हे तू मला सांगतेस? चुकलं की हलायचं नाही. मी हलले असते आणि तू तेवढ्यात आली असतीस तर?"

"मी कशी येणार? मीपण थांबले होते!"

"तू थोरली. तू यायचंस."

"थोरलीनं यायचं असं कधी होतं? दोघींनी थांबायचं, असंच होतं."

मग धाकटी म्हणाली, "म्हणजे तीन तास आपण दोघी बाबांची वाट बघत होतो."

"काहीतरीच बोलू नकोस," म्हणून मिनिटबाईंनी फोन ठेवून दिला.

मुलाने त्यांची समजूत घालायला तो नकाशा काढून दाखवला. दोन्ही इमारतींमध्ये चालकाविना चालणारी छोटी गाडी होती, फुकट, सतत. समजूत पटणे तर दूरच, त्या आणखी भडकल्या. "ढील होती, गाडीही होती तिथे, आणि मी बसून राहिले!" मग त्यांनी मुलाच्या संगणकावर ते जुने पान उघडले आणि दोन्ही चौकटींत त्या एकाच विमानतळाचे नाव भरले. पानाने क्षणभर विचार केला आणि उत्तर दिले : अंतर शून्य किलोमीटर, उड्डाणाचा वेळ शून्य मिनिटे. पानावर अभिप्राय देण्याची सोय आहे. त्यांनी तिथे बरेच काही लिहिले. उत्तर लगेच आले : आपल्या अभिप्रायाबद्दल आभार, यामुळे आम्हाला अधिक अचूक होण्यास मदत होईल.

मुलाकडचा मुक्काम संपला. परतीची वाटही त्याच विमानतळावरून होती. आता भेटायला तिथे कोणी असणार नव्हते; तरी या वेळी मुलाने त्यांच्या फोनमध्ये सगळीकडे चालणारे कार्ड घालून दिले होते. दालनात उतरल्या, घड्याळाकडे ढुंकूनही न बघता पुढे गेल्या आणि त्या छोट्या गाडीत बसल्या. तिला दुसऱ्या इमारतीला पोचायला सात मिनिटे लागली. हा आकडा मी इथे देते कारण तो कोणत्याही पानावर नाही.

दुसरे दालन तंतोतंत पहिल्यासारखे होते, अत्तराच्या वासासकट. त्या घड्याळाखाली बसल्या आणि फोन लावला. धाकटी कामावर होती.

"थांब हं ताई, एका आजींना बसतं करतेय. … हां, बोल. पोचलीस घरी?"

"नाही. तुझ्या घड्याळाखाली पोचले."

धाकटीला कळायला एक क्षण लागला. "उशीर झाला की गं तुला. मी तर गेले केव्हाच."

"धरायचंस जरा."

"धरलं होतं. विमानाचं दार लावायला निघाले तेव्हा उठले मी."

मिनिटबाईंनी मग ते वाक्य म्हटले. समोर बसवून म्हणायचे ते, रिकाम्या खुर्चीकडे बघत. सात वर्षे घडवलेले वाक्य दोन ठिकाणी अडखळले. ते संपल्यावर धाकटी म्हणाली, "तिकीट हातात आलं तेव्हा मला कळलं होतं, ताई."

"काय?"

"एकतीस तास. तिकिटावर लिहिलेलंच होतं. निघायच्या आधी एक फोन करता आला असता मला."

"मग केला का नाहीस?"

"केला असता तर तू थांबली नसतीस. म्हणाली असतीस, एकतीस तास कसं ठेवायचं बाबांना. पंधरा सांगून निदान वाटेत तरी वाटत होतं, की आहेत अजून."

"अगं, सांगितलं असतंस तर थांबले असते मी!"

"नसतीस."

"असते."

या दोन विधानांपैकी एकही आता तपासून पाहता येणार नाही. एवढे खरे, की सात वर्षे दोघींपैकी प्रत्येकीला वाटत होते, आकडा आपल्यामुळे चुकला. आणि प्रत्येकीने दुसरीला हवा विचारली.

"आजी हाका मारतायत," धाकटी म्हणाली. "आणि तुझं विमान कुठल्या इमारतीतून आहे?"

मिनिटबाईंनी घड्याळाकडे पाहिले. त्यांचे विमान पहिल्या इमारतीतून होते, आणि ढील संपत आली होती.

"जिथं आहेस तिथंच थांब," धाकटी म्हणाली. "मी आलेच."

"गप्प बस, निर्लज्ज. पुढच्या वर्षी बघते तुझ्याकडे."

"पुढच्या वर्षी तू बस. मी चालेन."

"तू कशाला? चूक माझी झाली. मी चालेन."

"तुला घड्याळ दिसलं की तू बसतेस, ताई. मी चालेन."

"मी थोरली आहे!"

"हे मागच्या वेळी कुठे गेलं होतं?"

धाकटीने फोन ठेवला तेव्हा मिनिटबाई छोट्या गाडीच्या दारापर्यंत पोचल्या होत्या. गाडी त्यांच्या नाकासमोर सुटली. ती धरायला तिच्यात कोणी नव्हते. पुढची लगेच आली, विमान मिळाले; पण त्या अर्ध्या मिनिटाबद्दल त्यांनी विमानतळाच्या पत्त्यावर वेगळी तक्रार केली आहे.

डेपोतल्या भिंतीवर आता नवा आलेखाचा कागद आहे. पुढल्या वर्षी धाकटी त्याच वृद्ध बाईंना परत आणायला जाणार आहे, आणि मिनिटबाई पुन्हा मुलाकडे. दोन तिरप्या रेघा, मध्ये एका सकाळचा तुकडा, आणि त्या तुकड्यात पेन्सिलीने काढलेली तिसरी, अगदी आखूड रेघ : सात मिनिटे, एका इमारतीतून दुसरीत. इतर दोन रेघांवर नावे आहेत. त्या आखूड रेघेवर एकीचे नाव दोनदा लिहून दोनदा खोडलेले आहे. नियंत्रकांनी चौकशी केली, की या फेरीला चालक कोण?

"ठरायचंय अजून," मिनिटबाई म्हणाल्या. "रोज रात्री फोनवर तेच चालू आहे. हवेचं विचारायलासुद्धा वेळ मिळत नाही."